तेल उभं करणारे सर

“वाच बघू बाय, काय लिवलंय?”

सरांनी असं म्हटलं की हातातलं काम बाजूला ठेवून उठायचं, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लॅबच्या टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरलेलं असे, त्यातही नेमकं राशिभविष्याचं पान, आणि त्या पानावर लिपस्टिकच्या आकाराची एक कांडी आडवी ठेवलेली असे. कांडीतून खालची अक्षरं वाचता आली तर कांडी पास. मी अख्खा एक हिवाळा दर सकाळी तिच्यातून माझी रास वाचायला जात होते.

“धुकं आहे, सर.”

“केवढं? सकाळचं, का माळशेजचं?”

“माळशेजचं.”

सर मान डोलवायचे, कांडी उचलायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर रुपयाएवढा तेलाचा डाग असे. नवा शर्ट आठवडाभरात त्या डागानं आमच्यातला होऊन जाई.

आमचा कारखाना मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी मागच्या रांगेत. आम्ही लिपस्टिक आणि ओठांना लावायचं मलम बनवतो, नाव मात्र दुसऱ्यांचं छापतो. मी तिथे खरेदीचं काम पाहते आणि रोज शहापूरहून येते. सर लॅबचे प्रमुख. प्रमुख म्हणजे लॅबमध्ये ते एकटेच. ते माळशेजच्या वाटेवरच्या वैशाखऱ्याचे, घरची भातशेती धाकटा भाऊ बघायचा, आणि केमिस्ट्री घेऊन शिकलेले सर रोज एसटीनं यायचे. ठेंगणे, पोट सुटलेलं, आणि चेहऱ्यावर चांगली पिळदार, भरघोस मिशी.

या मिशीचा उल्लेख मुद्दाम केला. ओठांना लावायची वस्तू आधी स्वतःच्या ओठांना लावून बघायची, हा सरांचा नियम होता. संध्याकाळी मुरबाडच्या स्टँडवर हा पन्नाशी उलटलेला मिशीवाला गृहस्थ खिशातून कांडी काढून शांतपणे ओठांवर फिरवायचा, ओठ एकमेकांवर दाबायचा आणि घड्याळ बघायचा. किती वेळ टिकते ते पाहायला. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा एका कंडक्टरनं विचारलं, “काय सर, लगीन काय घरात?” सर म्हणाले, “नाय रे, ऑफिसचं काम घरी नेतोय.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं काम त्यांना इतकं गमतीचं वाटतं की दुसऱ्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरांना तर समोर कोण आहे याचंही सोयरसुतक नसे. वॉचमन असो, टेम्पोवाला असो, चहाची मावशी असो, सर थांबून समजावून सांगणार. त्यातून त्यांचं सगळं सांगणं घरगुती उदाहरणांनी चालायचं. मला सुरुवातीला याचा कंटाळा यायचा. पोटापाण्याची कामं सोडून हे काय कीर्तन, असं वाटायचं. पण त्यांच्यामुळेच मला आज लिपस्टिकमधलं कळतं, हे कबूल केलं पाहिजे.

त्या वर्षी दिवाळीनंतर शेठनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाला पारदर्शक कांडी हवी होती. निव्वळ तेलाची, काचेसारखी आरपार, आणि तरी ओठांवर फिरवली तर न मोडणारी. शेठनी सरळ सांगून टाकलं, “होळीपर्यंत द्या. नाय जमलं तर लॅब काढून तिथं पॅकिंगचं मशीन बसवतो. फॉर्म्युले आता गिऱ्हाईकच देतात. तुम्ही गोदाम सांभाळा.”

सर बाहेर आले ते माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मी पाणी दिलं.

“गोदाम वाईट नाय,” ते म्हणाले. “सावली असते. पण बाय, तिथं शिजवायला काय नाय.”

नेहमी हसणाऱ्या माणसाचा चेहरा असा पडला की आपल्यालाच चोरी केल्यासारखं वाटतं. मी त्याच दिवशी फोन फिरवायला सुरुवात केली.

आता अडचण काय होती ते सरांच्या भाषेत सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल. तेल आडवं वाहतं, त्याला उभं करायचं तर आत कोणीतरी धरून ठेवणारं हवं. आम्ही नेहमी त्यासाठी मेण घालतो. मेण तेलाला घट्ट धरतं, पण धरताना पांढरं पडतं आणि आरपार दिसणं संपलं. मग मेणाशिवाय तेलाला धरणारं, आणि धरूनही स्वतः न दिसणारं, असं काहीतरी शोधायचं. “म्हंजे घरात राबणारी सासू पायजे, पण ती नजरेस पडता कामा नये,” सर म्हणाले. मावशीला हे उदाहरण फार आवडलं होतं.

असं काहीतरी शोधणं म्हणजे माझं काम. मुंबईतल्या पुरवठादारांना मी सांगायची, जेल करणारा माल पाठवा. एकानं मोठ्या प्रेमानं चायना ग्रासचं पाकीट पाठवलं. मी ते मिरवत लॅबमध्ये नेलं.

सर हसले नाहीत. त्यांनी एका वाटीत तेल घेतलं, त्यात ते टाकलं आणि मला ढवळायला लावलं. बराच वेळ ढवळूनही ते तळाशी जसंच्या तसं.

“ही पाण्याची माणसं. जिलेटिन, चायना ग्रास, सगळी. तेलाच्या घरात पाय ठेवायची नाय. आपल्याला तेलाला धरणारं पायजे.”

त्यानंतर मी तेलाला धरणारं मागायला लागले. नमुने यायला लागले. एरंडापासून काढलेली पांढरी पावडर आली, पिवळट दाणे आले, फार महागडी अशी भुरभुरीत पूड आली, तिचं नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. पुरवठादार म्हणायचे, “मॅडम, अख्खी बॅग घ्या ना.” मी म्हणायची, “आधी मूठभर पाठवा, आमचे सर लग्न जमवायच्या आधी मुलगी बघतात.” सरांच्या सहवासात माझीही जीभ सैल झाली होती.

दिवसभर सरांना चालू ऑर्डरींची कामं असत. पारदर्शक कांडीला वेळ मिळायचा तो दुपारच्या चहानंतर. तेल चांगलं तापवायचं, त्यात पूड विरघळवायची, धुराच्या आधी थांबायचं, साच्यात ओतायचं आणि साचे कडप्प्याच्या ओट्यावर ठेवून पळत सुटायचं, कारण घाटाकडची एसटी कुणासाठी थांबत नाही. सकाळी साचे उघडायचे. आणि रोज सकाळी तेच, माळशेज.

महिन्यामागून महिना गेला. सरांनी पूड बदलली, तेल बदललं, प्रमाण कमीजास्त केलं. कांडी उभी राहायची, गुळगुळीत असायची, मोडायचीही नाही. फक्त पांढुरकी. नापास झालेल्या प्रत्येक पुडीची बाटली सर फडताळात मागे सारायचे. पुढे पुढे तर मला लॅबमध्ये जायचाच धीर होईना. सर हाक मारायचे, मी जायची, वाकून बघायची आणि खोटं बोलायचा मोह व्हायचा. एकदा बोललेही. “सर, थोडं थोडं वाचता येतंय.”

“काय लिवलंय?”

“प्रवासाचे योग.”

त्यांनी कांडी उचलून बघितलं. “तुझ्या राशीला संयम ठेवा असं लिवलंय बाय,” म्हणाले आणि मोठ्यानं हसले. त्या हसण्यानं मला जास्त वाईट वाटलं.

या सगळ्यात एक माणूस सरांच्या बाजूनं मनापासून उभं होतं, ते म्हणजे आमची चहाची मावशी. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली, अंगानं काटक, तोंडानं तिखट. चहा करणं, ताक करणं आणि सगळे गेल्यावर ऑफिस, लॅब झाडून बंद करणं हे तिचं काम. सरांना ती दादा म्हणायची. सर तिला रोजची बातमी द्यायचे, आणि तीही ओट्याला टेकून नीट ऐकून घ्यायची.

“दादा, आज लागलं का?”

“नाय गो मावशे. लागतं, पण पांढरं.”

माघात मावशी बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली. हळद, लग्न, पाठवणी, सगळं दीड दिवसात उरकून येणार होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची हाक आली ती नेहमीसारखी नव्हती. वाच बघू नाही, काही नाही, नुसतंच “बाय! बाय! बाय!”

मी धावत गेले. वर्तमानपत्रावर कांडी होती की नव्हती, हेच आधी कळेना. पुढे वाकले तर तिच्यातून अक्षरं स्वच्छ दिसत होती. मी माझी रास वाचली, सरांची वाचली, मग बाकीच्या दहाही वाचून काढल्या. कुणाच्याही नशिबात काही खास नव्हतं, पण सर प्रत्येक वाक्याला “वा!” म्हणत होते.

ही कमाल त्या महागड्या पुडीची, असं आम्ही ठरवलं. सरांनी त्याच संध्याकाळी पुन्हा तोच घाट घातला. तीच पूड, तेच तेल, तेच प्रमाण. मावशीही लग्नाहून परतली होती, हाताची हळद अजून गेली नव्हती, तिला ही बातमी सांगितल्यावर ती चहा उतू जाईपर्यंत ऐकत बसली.

सकाळी साचे उघडले. पुन्हा पांढुरक्या कांड्या, आणि नेहमीपेक्षाही जास्त पांढऱ्या.

सर स्टुलावर बसले. काल तर दिसत होतं, मग आज काय झालं? मी वजनकाटा तपासला, थर्मामीटर तपासला, म्हणजे तपासल्यासारखं केलं. होळी आता दारात आली होती. शेठ आदल्याच दिवशी मशीनवाल्याला खोलीची मापं द्यायला घेऊन आले होते.

मावशी चहा घेऊन आली. सरांचा चेहरा बघून तिनं कप टेबलावर ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं, “आज पन नाय लागलं, दादा? आज तं मी दोन गोधड्या घातल्या व्हत्या.”

कपाकडे गेलेला सरांचा हात मागे आला.

“कसल्या गोधड्या, मावशे?” सरांनी हळूच विचारलं.

“साच्यांवर. रोज घालतंय ना मी. थंडी किती पडतंय, उघडं ठेवलं तं लागंल का? तुमीच बोललात, दह्यासारखं हाय, चिमूटभर घातलं की तेल लागतं. दही उघडं ठेवतात काय कोन थंडीत? सकाळी येऊन काढतंय, तुमाला पसारा नको. आन् सांगायचं नसतं, लागत असलेल्या दह्याला टोकलं की बिघडतं.”

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी मला वाटलं आता हे ओरडणार. पण ते हसायला लागले. स्टुलावरून उठले, ओट्याला धरून हसले, मिशीवरून पाणी ओघळेपर्यंत हसले. मावशी गोंधळून आधी माझ्याकडे बघायला लागली आणि मग तीही हसायला लागली, का ते न कळताच.

खरंच, हे दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये घडलं असतं? आपल्याकडे कुणाचं काही लागत नसलं, तर जाणारा येणारा त्याच्यावर पांघरूण घालून जातो.

हसणं ओसरल्यावर सरांनी मावशीला शेजारी बसवलं. रागावले नाहीत, उलट आपल्या शिकवण्याची दुरुस्ती केली. “मावशे, मी तुला अर्धंच सांगितलं. हे दही नाय, हा चिक्कीचा पाक हाय. पाक थाळीत पटकन ओतून गार केला तं कसा होतो?”

“काचंसारखा.”

“आन् पातेल्यात हळूहळू गार झाला तं?”

“साखर धरतो.” मावशी थबकली. तोंडावर हात ठेवला. “अगो बाय! मंजे मी रोज साखर धरवत व्हती?”

“तू काय करणार? शिकवणाऱ्यानं दही शिकवलं.”

त्या दिवसापासून सरांनी फडताळात मागे सारलेल्या सगळ्या बाटल्या पुढे काढल्या. हिवाळाभर ज्यांना नापास केलं, त्या पुडींची पुन्हा परीक्षा. यावेळी उघड्यावर, थंडगार कडप्प्यावर, आणि मावशी राखण करायला. कुणी लॅबचं दार उघडं टाकलं तरी ती अंगावर धावून जायची. त्यातल्या बऱ्याच पुडी निर्दोष निघाल्या. एरंडाची पांढरी पावडर तर पहिल्याच दिवशी पास झाली. सरांनी तिची माफी मागितली, अगदी बाटलीकडे बघून.

पण एवढ्यानं भागलं नाही. फाल्गुनातलं मुरबाड कसं तापतं ते तुम्हाला ठाऊक असेल. पारदर्शक कांडी खिशात घालून सर वैशाखऱ्याला गेले आणि सकाळी आले तेव्हा कांडीला घाम फुटला होता. बारीक बारीक तेलाचे थेंब. मी म्हटलं, सर, भट्टीत तापवून बघा ना, आपल्याकडे ओव्हन आहे. सर म्हणाले, “ओव्हनमदी गरमी असते, धक्के नसतात. एसटीत दोन्ही.” मग आठवडाभर त्यांचा खिसा आणि ती एसटी हीच आमची प्रयोगशाळा. शेवटी महागडी पूड आणि एरंडाची पावडर एकत्र घातली तेव्हा कांडीनं घाम गाळायचं सोडलं. एकटीला एवढं तेल धरवत नव्हतं, असं सरांचं म्हणणं. त्या दिवशी ते खिशातून कांडी काढून स्टँडवर सगळ्यांना दाखवत सुटले होते, असं मला नंतर त्या कंडक्टरनंच सांगितलं.

होळीच्या दोन दिवस आधी शेठ गिऱ्हाइकाच्या मॅडमना घेऊन लॅबमध्ये आले. सरांनी नवा शर्ट घातला होता. वर्तमानपत्र पसरलं, कांडी ठेवली, आणि छाती पुढे काढून म्हणाले, “वाचा बघू मॅडम, काय लिवलंय?”

मॅडम वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. सरांच्या कपाळावर घाम आला. मग मॅडम संकोचून म्हणाल्या, “सॉरी, मला मराठी वाचता येत नाही.”

सर क्षणभर गडबडले. मग म्हणाले, “अक्षरं दिसतात ना? अर्थाचं आमी बघू.”

मॅडम हसल्या. अक्षरं अगदी स्पष्ट दिसतात म्हणाल्या. ओठांवर फिरवून पाहिली, आरशात पाहिलं, शेठशी इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि शेठचा चेहरा उजळला. ऑर्डर पक्की झाली. मशीनवाल्याची मापं मशीनवाल्याकडेच राहिली.

मॅडम गेल्यावर मात्र शेठ सरांकडे वळले. “जमणार होतं तर इतके महिने काय केलंत? एवढे नमुने फुकट घालवले. गिऱ्हाईक जाता जाता राहिलं.”

मी तोंड उघडलं. मला राग आला होता, आणि खरं काय ते माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात सरांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

“गार करायची पद्धत चुकली, शेठ,” ते म्हणाले. “माझीच चूक.”

शेठ आणखी चार शब्द बोलले. या वयात असं चालतं का, लक्ष कुठे असतं, वगैरे. सर मान खाली घालून ऐकत होते. दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन मावशी उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. शेठ गेल्यावर ती आत आली ती रडतच.

“दादा, माझं नाव का नाय घेतलंत?”

“तुझं नाव घेतलं तं उद्यापासून मला चहा कोन देईल?” सर म्हणाले. “आन् खोटं नाय बोललो मी. दह्याचं कोनी सांगितलं? मी. चल, ओत आता.”

मी पाय चोळत बसले होते. त्या दिवशी मला या माणसाबद्दल जे वाटलं, ते इतक्या वर्षांत कुठल्याही वरिष्ठाबद्दल वाटलेलं नाही. साधी माया होती ती, दुसरा शब्द नाही.

त्यानंतरही सरांनी लॅबमध्ये खूप काही शिजवलं. गुलाबी छटेची पारदर्शक कांडी केली, भेगाळलेल्या टाचांना लावायची जाड कांडी केली. टाचांची कांडी शेतावरच्या बायकांवर करून बघितली, आणि अर्थातच त्यांनाही बांधावर उभं राहून सगळं समजावून सांगितलं.

गेल्या वर्षी भात कापून झाल्यावर सर गेले. शेतावर जेवले, सावलीला आडवे झाले आणि उठलेच नाहीत. आम्ही सगळे कारखान्याच्या टेम्पोतून वैशाखऱ्याला गेलो. तिथे जमलेल्या माणसांत एसटीचे दोन कंडक्टर होते, स्टँडवरचा पेपरवाला होता, आणि त्यांना सगळ्यांना तेल कसं उभं राहतं ते ठाऊक होतं. रडता रडता मला त्याही स्थितीत हसू आलं.

लॅब आहे. आता तिथे एक हुशार मुलगी आली आहे, डोंबिवलीहून येते. कामाला चोख, स्वभावानं चांगली. लॅबच्या दाराला आता बोटाच्या ठशाचं कुलूप आहे, आत तिच्याशिवाय कुणी जात नाही. सगळं वेळेवर होतं. आत काय चाललंय ते आम्हाला कळत नाही, त्यामुळे आमच्या हातून काही बिघडतही नाही.

परवा मी तिच्या सह्या घ्यायला तिथे उभी होते. मावशी चहा घेऊन आली, कप दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला आणि तिथेच घुटमळली.

“काय करतंय गो ती आतमदी?”

“माहीत नाही मावशी. काहीतरी नवीन असेल.”

मावशीनं बंद दाराकडे पाहिलं, पदरानं हात पुसले.

“दादांनी सांगितलं असतं,” ती म्हणाली.